हवेची वाट : घरी बांधलेल्या विमानांच्या इंधनटाकीचा प्रश्न

नॉटिंगहॅमच्या आग्नेयेला, शहर संपून शेतं सुरू होतात तिथे, टॉलर्टनचा विमानतळ आहे. १९३० साली सुरू झालेला, महायुद्धात लष्करी कामाला जुंपलेला आणि नंतर पुन्हा छोट्या विमानांच्या वाट्याला आलेला. याच परगण्याच्या उत्तर टोकाला वर्कसॉप. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून ‘टायगर कब ४४०’ नावाच्या एकआसनी, दोन पंखमजल्यांच्या विमानाचे सुटे भाग खोक्यात भरून विकले जात. ज्याने खोकं घ्यायचं त्यानेच विमान जोडायचं. त्याच विमानाच्या आराखडाकाराने पुढे ‘शेरवुड रेंजर’ काढलं. रॉबिन हूडच्या जंगलाचं नाव त्याच्या शेपटीला लागलं. म्हणजे गॅरेजमध्ये, गोठ्यात, घरामागच्या शेडमध्ये विमान बांधणं हे या भागात वेडेपणाचं समजलं जात नाही. ब्रिटनमध्ये १९४६पासून अशा लोकांची संघटना आहे. आज तिचं नाव ‘लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन’. तिचे निरीक्षक बांधकामाच्या टप्प्याटप्प्यावर येऊन सह्या करतात आणि शेवटी विमानाला ‘परमिट टु फ्लाय’ मिळतं.

अशा विमानात बांधणाऱ्याचं मन कुठे रमतं हे सांगायला नको. इंजिन, पंखा, काचेचा पडदा, रंग. इंधनव्यवस्थेतही लक्ष जातं ते पंप, गाळणी आणि कॉकवर. कॉकची कुप्रसिद्धी मोठीच आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे उपसागरात ज्या घरगुती बांधणीच्या ‘लाँग-ईझी’ विमानासकट कोसळला, त्यात टाकी बदलायचा कॉक मूळ आराखड्यातल्या जागेवर नव्हता. तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेला होता. ती गोष्ट प्रत्येक बांधणाऱ्याला पाठ असते. टाकीत हवा आत-बाहेर करणारी बोटभर जाडीची नळी, जिला सगळे व्हेंट म्हणतात, तिची अशी कुठली प्रसिद्ध गोष्ट नाही. म्हणून ती शेवटी, उरलेल्या जागेतून, उरलेल्या नळीने बसवली जाते.

मूळ तत्त्व स्वयंपाकघरातलं आहे. पत्र्याचा तेलाचा डबा फोडताना एका कोपऱ्यात भोक पाडून भागत नाही. समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडलं की धार सरळ लागते. टाकीतून जेवढं इंधन जाईल तेवढी हवा आत आली पाहिजे. ही गरज किती? छोट्या विमानांत सर्रास दिसणारं १०० अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ उड्डाणाच्या वेळी पूर्ण जोरावर तासाला साधारण २७ लिटर पितं. सेकंदाला साडेसात मिलिलिटर. म्हणजे हवाही सेकंदाला साडेसात मिलिलिटरच हवी. एवढीशी हवा अगदी बारीक नळीतूनही सहज जाते. त्यामुळे ‘व्हेंटची नळी केवढ्या मापाची घ्यावी’ हा बांधणाऱ्यांचा आवडता वाद मला बराचसा निरर्थक वाटतो. नळी बंद पडते का, ती कुठल्या दाबाच्या हवेत उघडते आणि मधल्या वाटेत काय साठतं, हे तीन प्रश्न खरे.

बंद पडली तर काय होतं, याचा हिशोब कागदावर करून बघण्यासारखा आहे. उंच पंखाचं विमान घ्या. टाकी कार्ब्युरेटरच्या वर ८० सेंटिमीटर, इंधन केवळ उताराने खाली येतं. पेट्रोलच्या ८० सेंटिमीटर स्तंभाचा दाब सुमारे ५६ मिलिबार. टाकी जवळजवळ काठोकाठ भरली आहे आणि वर फक्त दोन लिटर हवा आहे. व्हेंट बंद. इंजिन पूर्ण जोरावर. इंधन जसं खाली जाईल तशी वरची दोन लिटर हवा ताणली जाईल आणि तिचा दाब घटेल. तो ५६ मिलिबारने घटला की उतार संपला, धार थांबली. त्यासाठी किती इंधन जावं लागतं? जेमतेम १२० ते १७० मिलिलिटर. पूर्ण जोरावर हे सोळा ते तेवीस सेकंदांचं काम. प्रत्यक्षात पत्रा थोडा आत दबतो, झाकण थोडं गळतं, कार्ब्युरेटरच्या वाटीत काही शिल्लक असते, त्यामुळे वेळ वाढतो. पण वाढतो तो नेमका धावपट्टी संपून झाडं सुरू होण्यापर्यंत. टाकी अर्धी रिकामी असती तर वर पुष्कळ हवा असती, ती हळूहळू ताणली गेली असती आणि इंजिन बराच वेळ चाललं असतं. म्हणजे लांबच्या प्रवासासाठी टाकी भरून निघालेला माणूस या बाबतीत जास्त धोक्यात असतो. हे उलटं वाटतं, पण हिशोब तसाच येतो.

पंपाच्या विमानात चित्र वेगळं. पंप ओढतच राहतो, पोकळी वाढत जाते आणि टाकी आत चेपते. रबरी पिशवीची टाकी असेल तर ती आतल्या आत गोळा होते. मापक काटा मात्र भरल्याचं दाखवू शकतो. याच्या जोडीला उंचीचा परिणाम. दहा हजार फुटांवर हवेचा दाब सुमारे ६९७ मिलिबार, समुद्रसपाटीला १०१३. वर असताना बर्फाने व्हेंट बंद झाली आणि विमान तसंच झपाट्याने खाली आलं, तर फरक ३०० मिलिबारच्या वर जातो. अर्धा मीटर लांब-रुंद पत्र्यावर हा भार होतो सुमारे ८०० किलो. ०.८ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमला तो झेपणार नाही.

आता व्हेंटचं तोंड. विमान थांबलेलं असताना ते कुठेही असलं तरी चालतं. उडायला लागलं की विमानाभोवतीच्या प्रत्येक जागेचा दाब वेगळा होतो. १०० नॉट वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब सुमारे १६ मिलिबार भरतो, पेट्रोलच्या भाषेत २३ सेंटिमीटर. ६० नॉटला तो सहाच्या आसपास, म्हणजे आठ सेंटिमीटर. नळीचं तोंड पुढे वळवलं तर हा दाब फुकट मिळतो आणि इंधनाला मागून ढकलतो. तोंड मागे वळवलं, किंवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर ठेवलं, तर ओढ उलट बाजूने लागते. विमान ज्या शोषणावर हवेत तरंगतं तेच शोषण टाकीलाही लागू होतं.

जुन्या साध्या विमानांत टाकी वैमानिकासमोर, इंजिनाच्या भिंतीमागे असे. पायपर कबचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं: झाकणातून वर आलेली तार, खाली बूच, तार जेवढी बाहेर तेवढं इंधन. हवा जायची तीही झाकणातूनच. या मांडणीत उतार फार थोडा असतो. ३० सेंटिमीटर धरला तर २१ मिलिबार. त्यातून झाकणावरच्या शोषणाने सात-आठ गेले, चढताना नाक वर झाल्याने आणखी काही गेले, की कार्ब्युरेटरच्या सुईला पुरेल एवढं उरतं की नाही याची शंका येते. जुनं विमान शांतपणे उडतं, कारण त्याचं इंजिन ६५ अश्वशक्तीचं असतं. त्याच आराखड्यावर कुणी ८० किंवा १०० अश्वशक्तीचं इंजिन बसवतो आणि झाकण तेच ठेवतो, तेव्हा खरी परीक्षा होते.

झाकणाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण व्हेंटचे बरेच दोष झाकणाच्या खात्यावर असतात. पंखातल्या टाकीचं झाकण पंखाच्या वरच आणि शोषणाच्या जागी असतं. पंखाखाली पुढे तोंड केलेली उत्तम व्हेंट आहे, पण झाकणाचं रबरी कडं वाळून चिरलेलं आहे, तर टाकीला दोन वाटा झाल्या. खालून हवा आत येते, वरून बाहेर ओढली जाते. टाकीतला दाब या दोघांच्या ओढाताणीत कुठेतरी मध्ये ठरतो. टाकी भरलेली असेल तर झाकणातून हवेबरोबर इंधनही जातं. निळा रंग घातलेलं १०० एलएल विमानपेट्रोल वापरणाऱ्याला पंखावर निळसर ओघळ दिसतो आणि तो सावध होतो. पंपावरचं मोटारीचं पेट्रोल असा काही डाग ठेवत नाही. एका तासात दहा लिटर जास्त का लागलं याचा शोध मग इंजिनात घेतला जातो. कडं बदलायला फारसे पैसे लागत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

दोन टाक्या आल्या की गणित चिघळतं. उंच पंखाच्या विमानात दोन्ही टाक्या एकदम उघड्या ठेवायची सोय असते. दोन्हीकडचा हवेचा दाब सारखा असेल तर दोन्ही सारख्या उतरतात. पण दोन व्हेंटपैकी एक दहा टक्के वाकडी असली तर? १०० नॉटला १६ मिलिबारचे दहा टक्के म्हणजे १.६ मिलिबार, म्हणजे दोन टाक्यांच्या पातळीत सव्वादोन सेंटिमीटरचा फरक. आकडा हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो. पण पंखातली टाकी पसरट असते. तळ एक मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद असला तर एका टाकीत सात लिटर जास्त, दुसरीत सात लिटर कमी. जास्त असलेली आधीच भरलेली असेल तर ते सात लिटर तिच्या व्हेंटमधून खाली जमिनीवर. विमान एका पंखावर झुकतं, वैमानिक ते दांडीने सावरतो, आणि सावरताना विमान किंचित तिरकं उडू लागलं की दोन व्हेंटमधला फरक आणखी वाढतो. यावर युरोप-अमेरिकेच्या नियमांनी जुनाच उपाय लिहून ठेवला आहे: ज्या टाक्यांची खालची तोंडं जोडलेली आहेत त्यांच्या वरच्या हवेच्या जागाही जोडलेल्या हव्यात. आपल्याकडच्या उड्डाणशाळांतही वर्षानुवर्षं दिसणाऱ्या सेसना १७२मध्ये म्हणूनच डाव्या पंखाखालची व्हेंट आणि दोन टाक्यांना जोडणारी हवेची नळी अशी रचना आहे. ती व्हेंट पंखाच्या तिरक्या आधारदांड्याच्या मागे लपवलेली असते, बर्फ आधी दांड्यावर जमावा म्हणून. घरी बांधणारा पुष्कळदा ही नळी सेसनासारखी दिसेल अशी लावतो आणि दांड्यामागची नेमकी जागा मात्र दोन इंच चुकवतो. मग नक्कल दिसायला हुबेहूब असते, गुण मात्र तिच्यात उतरत नाही.

रोटॅक्सचं इंधन परत टाकीत नेणाऱ्या नळीने आणखी एक खोडी आणली आहे. गरम दिवसात इंधनाच्या नळीत वाफेचे बुडबुडे होऊ नयेत म्हणून पंपाने जास्त ओढायचं आणि उरलेलं परत पाठवायचं, ही चांगली पद्धत. पण उजव्या टाकीतून ओढून परतीचं इंधन कायम डाव्या टाकीत सोडलं, आणि डावी आधीच भरलेली असली, तर ते तिच्या व्हेंटमधून बाहेर. उजवी रिकामी होत असते आणि डावीतून गळत असतं. दोन्ही काटे बघणाऱ्यालाच ते कळतं. परतीची नळी ज्या टाकीतून ओढतो तिच्यातच जावी, नाहीतर पहिला तासभर परत येणाऱ्या टाकीतूनच उडावं, असे दोनच मार्ग आहेत. पहिला बांधताना त्रासाचा, दुसरा उडताना. माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे, कारण गॅरेजमध्ये बसून विचार करायला वेळ असतो.

नळीच्या मधल्या वाटेचं सांगायचं तर एकच: तिला पोट नसावं. पंखाच्या टाकीत व्हेंटचं आतलं टोक सगळ्यात उंच कोपऱ्यात हवं. पंख बाहेरच्या बाजूला वर उचललेले असतात, म्हणून हा कोपरा बहुधा पंखाच्या टोकाकडे, झाकणाजवळ असतो. ‘व्हॅन्स’ कंपनीच्या आरव्ही विमानांत नळी तिथून टाकीच्या आतून परत धडापर्यंत येते, धडात वर चढून वळसा घेते आणि मग पोटाखाली उतरून तिरक्या कापलेल्या तोंडाने उघडते. वर चढलेला वळसा इंधन आपोआप उपसून जाऊ नये यासाठी. कुणाला जागा कमी पडली आणि तो वळसा गाळला, किंवा नळी खाली लोंबू दिली, की त्या खोलगट भागात इंधन किंवा पाणी साचतं. पाच सेंटिमीटर साचलेलं पेट्रोल म्हणजे साडेतीन मिलिबारचा अडथळा. हिवाळ्यात तिथेच साचलेलं पाणी गोठलं तर अडथळ्याला मोजमाप राहत नाही. कसरतीच्या विमानात उलटं उडायचं असल्याने नळीची वळणं आणखी वाढतात, पण तो वेगळाच पंथ आहे.

तोंडाशी जाळी लावावी की नाही, यावर वैमानिक चहाच्या टेबलावर तासभर भांडू शकतात. नॉटिंगहॅमशायरमध्ये हा वाद पुस्तकी नाही. एप्रिल ते जूनमध्ये इथे तांबूस गवंडी मधमाशी अंडी घालायला जागा शोधते. तिला आवडणारं भोक सहा ते आठ मिलिमीटरचं. हौशी बागवाले तिच्यासाठी मुद्दाम याच मापाच्या बांबूच्या नळ्या बागेत टांगतात. व्हेंटची नळीही याच मापाची, आणि हिवाळाभर झाकून ठेवलेली विमानं बाहेर येतात तीही एप्रिलमध्येच. माशी आत जाऊन मातीचा पडदा बांधते, खोली करते, पुन्हा पडदा. बाहेरून नळी स्वच्छ दिसते. आपल्याकडे हेच काम कुंभारीण माशी करते आणि तिला ऋतूचंही फारसं बंधन नसतं. जाळी लावली तर माशी थांबते, पण बारीक जाळीवर पावसाचा थेंब धरून राहतो आणि ढगात बर्फ आधी तिच्यावर जमतो. मधला मार्ग असा की जाळी ठेवायची आणि नळीच्या मागच्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला, दोन मिलिमीटरचं एक जादा भोक पाडायचं. पुढचं तोंड बर्फाने गेलं तर हे छोटं भोक सेकंदाला साडेसात मिलिलिटरचं काम सहज करतं. समोरच्या दाबाचा थोडा फायदा त्यातून निसटतो, तो निसटू द्यावा. उभ्या विमानाच्या व्हेंटला बूच लावून त्याला लाल फीत बांधण्याची सवयही चांगली, पण फीत लांब हवी. पंखाखालची आखूड फीत चालत फेरी मारताना दिसत नाही, आणि बूच लावून उडणं हे माशीने नळी बुजवण्याइतकंच वाईट.

बर्फ आणि गवंडी माशी हे नॉटिंगहॅमचे प्रश्न असतील, तर धुळ्याचा प्रश्न उष्णतेचा आहे. धुळ्याचं नाव घेण्याला कारण आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण आता तिथल्या विमानतळावर चालतं. आणि कांदिवलीतल्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांनी त्याच्या चाचण्यांसाठी धुळेच निवडलं. २०१६च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते विमान लोकांनी पाहिलं, २०१७च्या नोव्हेंबरात त्याची व्हीटी-एनएमडी या खुणेने नोंदणी झाली, २०१९मध्ये परमिट आलं आणि २०२०च्या ऑगस्टमध्ये धुळ्याला ते जमिनीवरून उचललं गेलं. बांधण्याला लागली त्याहून कागदपत्रांना कमी वर्षं लागली नाहीत. मराठी माणसाच्या घरगुती विमानबांधणीची ही सगळ्यात ठसठशीत गोष्ट.

मे महिन्यात धुळ्याला उन्हात उभ्या विमानाची पेट्रोलटाकी काय करते? पेट्रोल दर अंशाला सुमारे ०.०९५ टक्के फुगतं. १०० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं की १.९ लिटर वाढतं. नियमांत टाकीच्या दोन टक्के जागा फुगण्यासाठी मोकळी ठेवा असं लिहिलेलं असतं, ते आकडेमोडीशी बरोबर जुळतं. पण २० अंशांची ही सवलत. जमिनीखालच्या टाकीतून २७ अंशांचं पेट्रोल भरलं आणि पत्र्याचा पंख ५५ अंशांपर्यंत तापला, तर दोन टक्के संपून वर अर्ध्या लिटरहून जास्त व्हेंटमधून खाली येणारच. ते एक्झॉस्टवर, बॅटरीजवळ किंवा धडाच्या आतल्या पोकळीत येऊ नये, एवढीच अपेक्षा ठेवता येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती उडून जात नाही, खालच्या खोबणीत बसून राहते. व्हेंटचं तोंड पोटाखाली असलेल्या विमानाखाली कुणाला सावलीत बसलेलं पाहिलं की माझा जीव वरखाली होतो.

उष्णतेचा दुसरा भाग वाफेचा. विमानपेट्रोलचा वाफदाब ३८ ते ४९ किलोपास्कलच्या मर्यादेत ठेवलेला असतो. मोटारीच्या पेट्रोलला ऋतूप्रमाणे वेगळी मर्यादा. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात ती ७०, हिवाळ्यात १०० किलोपास्कलपर्यंत जाते, म्हणजे थंडीत मोटार चटकन सुरू व्हावी. मार्चमध्ये भरलेलं हिवाळी पेट्रोल मे महिन्याच्या पहिल्या उकाड्यात वापरणारा नॉटिंगहॅमकर आणि एप्रिलचा धुळेकर या बाबतीत एकाच नावेत आहेत. टाकीत वाफ सुटते, तिला बाहेर पडायला व्हेंट लागते. एकाच दिशेने हवा आत सोडणारी झडप बसवलेली असेल, म्हणजे गळती थांबावी म्हणून केलेली ‘सुधारणा’, तर वाफ अडकते आणि टाकी फुगते. झडपेला छोटं भोक ठेवल्याशिवाय ती लावूच नये.

इथेनॉलचा विषय निघाला की महाराष्ट्रातला वाचक कान टवकारतो, कारण ते उसाच्या गाळपाशी, म्हणजे आपल्या साखर कारखान्यांशी बांधलेलं आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून पंपावर दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल नेहमीचं झालं, पाच टक्क्यांचं महागड्या नळीवर उरलं. भारत २० टक्क्यांवर गेला. रोटॅक्सने आपल्या इंजिनांना दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी दिलेली आहे, त्यामुळे आपल्याकडचं पंपावरचं पेट्रोल विमानाच्या कामाचं राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२२मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यातून देशी १०० एलएल काढलं. त्याआधी ते आयात व्हायचं. इथेनॉल रबरी कडं फुगवतं, काही रेझिनच्या टाक्या आणि जुनी सांधणी मऊ करतं. सांधणीचे सुटलेले तुकडे गाळणीत येतात आणि आधी झाकणाचं कडं जातं, म्हणजे प्रश्न पुन्हा हवेच्या वाटेवर येतो. यॉर्कशायरच्या युरोपा विमानातली पॉलिथिनची खोगीरटाकी इंधन पिऊन आकाराने वाढते, हेही बांधणाऱ्यांना ठाऊक असतं. तिच्याभोवतीची जागा अंग चोरून मापली की वाढलेली टाकी नळीचा सांधा ढकलते.

एका समजाला मात्र इथे धक्का द्यावासा वाटतो. टाकी अर्धी रिकामी ठेवली की ती रात्रंदिवस व्हेंटमधून दमट हवा घेते आणि आत पाणी साठतं, म्हणून रात्री टाकी भरून ठेवा, असं प्रत्येक क्लबात सांगतात. हिशोब करू. ५० लिटर हवेची टाकी, दिवसरात्र २० अंशांचा फरक. आत-बाहेर होणारी हवा साडेतीन लिटरच्या आसपास. १५ अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे १३ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे त्या साडेतीन लिटरमधलं सगळं पाणी गळून टाकीत राहिलं तरी रोज ०.०४५ ग्रॅम. महिन्याला सव्वा-दीड ग्रॅम, पाव चमचा. पावसाळ्यातल्या २८ अंशांच्या हवेत दुप्पट धरा. गाळणीतून अर्धा कप पाणी निघालं तर ते हवेतून आलेलं नाही, झाकणाच्या खळग्यात साचलेल्या पावसाचं आहे. टाकी भरून ठेवण्याचा सल्ला देणाऱ्याने कड्याकडे बघितलं असतं तर जास्त बरं झालं असतं.

नियमांकडे आलं की चित्र तुकड्यातुकड्यांचं आहे. हलक्या विमानांच्या युरोपीय नियमावलीत आणि ब्रिटनच्या मायक्रोलाइटसाठीच्या ‘सेक्शन एस’मध्ये व्हेंटविषयी मोजकीच वाक्यं आहेत, पण ती अनुभवाची आहेत: बर्फ वा घाणीने बंद पडण्याचा धोका कमी असावा, नेहमीच्या उड्डाणात इंधन उपसून जाऊ नये, पाणी साचेल असा भाग नसावा, बाहेर पडलेलं इंधन किंवा वाफ आगीपाशी वा माणसांपाशी येऊ नये. उताराच्या व्यवस्थेत इंधन गरजेच्या दीडपट, पंपाच्या व्यवस्थेत सव्वापट वाहिलं पाहिजे. इंग्लंडमध्ये निरीक्षक ही वहनचाचणी स्वतः उभा राहून बघतो, नाक वर करून, टाकीत थोडंच इंधन ठेवून. मात्र २०१४पासून एकआसनी मायक्रोलाइटना इथे उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राची गरज उरली नाही. टायगर कबसारखं विमान आता मालकाच्या जबाबदारीवर उडतं. हे स्वातंत्र्य मला आवडतं, पण व्हेंट बघणारा दुसरा डोळा त्याबरोबर गेला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांचा स्वतंत्र अभ्यास करून पहिल्या उड्डाणाआधी इंधनव्यवस्थेची चाचणी घ्यावी आणि ती कागदावर नोंदवावी अशी शिफारस केली. भारतात घरी विमान बांधणारे मोजके, त्यामुळे निरीक्षकांचं जाळं नाही. प्रत्येक वेळी फाइल दिल्लीला जाते. फाइलमध्ये पत्र्याची जाडी असते, पण व्हेंटचं तोंड कुठल्या दाबात उघडतं हे विचारणारा रकाना सहसा नसतो.

टॉलर्टनच्या आसपासच्या जमिनीवर चार हजारांपर्यंत घरांची नगरयोजना मंजूर आहे. असे जुने तळ आटत गेले की छपराखालच्या जागा आटतात आणि विमानं उघड्यावर येतात, तिथे पाऊस, माश्या आणि ऊन तिन्ही एकदम. व्हेंटचा प्रश्न यापुढे वाढणारच.

बांधणाऱ्याच्या हातात मात्र बरंच आहे. टाकी गळते का हे बघताना हवेचा कॉम्प्रेसर कधीही जोडू नये. चौरस इंचाला एक पौंड दाबही अर्ध्या मीटरच्या चौकोनी पत्र्यावर १७५ किलो भार टाकतो. आरव्ही बांधणारे व्हेंटच्या नळीला साधा फुगा बांधतात. दाब वाढला तर फुगा मोठा होतो, टाकी वाचते. वहनचाचणी घेताना झाकण लावलेलं हवं, नळी शेवटच्या जागी हवी. झाकण उघडं ठेवून केलेल्या चाचणीने व्हेंट तपासलीच जात नाही, आणि दुर्दैवाने तीच पद्धत जास्त दिसते. पहिली काही उड्डाणं झाल्यावर, विमान थांबल्या थांबल्या झाकण सावकाश सैल करून कान लावावा. काहीच ऐकू आलं नाही तर ठीक. हवा आत ओढली जाण्याचा आवाज आला तर टाकी हवेत असताना उपाशी होती, आणि तोंडाची जागा किंवा नळीतला अडथळा शोधल्याशिवाय ते विमान पुन्हा धावपट्टीवर नेऊ नये. बाहेर फुसकारा आला तर वाफ अडकते आहे, आणि बहुधा कुणीतरी कधीतरी एक झडप बसवली आहे.